सिंकखालचा हवेचा व्हॉल्व्ह: कधी बसवावा, कुठे बसवावा

या महिन्याच्या पत्रांत मुंब्र्याच्या एका भगिनीचे पत्र आहे. मुलीच्या निकाहआधी त्यांनी स्वयंपाकघर नवे करून घेतले. ओटा खिडकीकडे वळवला, त्याबरोबर सिंकही जुन्या जागेपासून सुमारे तीन मीटर सरकले. सांडपाण्याचा पाइप मात्र जुन्याच तोंडाला जोडला. तेव्हापासून सिंकमधले पाणी उतरताना शेवटी मोठ्याने गुळगुळ आवाज येतो आणि ओट्याखालचे कपाट उघडले की गटाराचा वास येतो. घरातल्या अम्मींना दमा आहे. त्या आता स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. एक प्लंबर म्हणतो, भिंत फोडून गच्चीपर्यंत हवेचा पाइप न्यावा लागेल. दुसरा म्हणतो, सिंकखाली छोटा व्हॉल्व्ह बसवू, तोडफोड नको. टाइल्स नव्या आहेत, पाहुणे यायचे आहेत. कोणाचे ऐकावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर देण्याआधी सिंकखाली काय चालते ते नीट समजून घेऊ. एकदा ते कळले की कोणत्याही प्लंबरशी बोलताना आपण गोंधळत नाही, आणि पैसे कुठे घालायचे, कुठे नाही, हेही कळते.

वास अडवते ते पाणी

सिंकखाली जी बाटलीसारखी वस्तू असते तिला बॉटल ट्रॅप म्हणतात. काही घरांत तिच्या जागी इंग्रजी यू अक्षरासारखा वळलेला पाइप असतो. काम दोघांचे एकच. सिंक रिकामे झाल्यावरही या वळणात थोडे पाणी उरते. तेवढे पाणी गटार आणि आपले स्वयंपाकघर यांच्यामध्ये उभे असते. पाणी खाली जाऊ शकते, पण खालची हवा त्या पाण्यातून वर येऊ शकत नाही. याला वॉटर सील म्हणतात. त्याची खोली साधारण 50 ते 75 मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन इंच असते. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये आणि संडासाच्या भांड्यातही हीच युक्ती आहे. 1775 मध्ये अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजींनी संडासाच्या भांड्याखालच्या अशा वळणाचे पेटंट घेतले. अडीचशे वर्षे झाली, तरी यापेक्षा सोपा उपाय कोणाला सापडलेला नाही.

हे दोन-तीन इंच पाणी गेले तर काय होते, याचे मोठे उदाहरण 2003 मध्ये हाँगकाँगला घडले. अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्सच्या साथीत तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. तिथल्या आरोग्य खात्याच्या तपासात असे दिसले की अनेक बाथरूममधले जमिनीवरचे ट्रॅप कोरडे पडले होते, कारण लोक फरशी पाण्याने न धुता पुसून घेत. एक्झॉस्ट पंखा चालू केला की पाइपातली दूषित हवा त्या कोरड्या ट्रॅपमधून घरात ओढली जाई. आपल्या सिंकच्या वासाने असे काही होईल असे मुळीच नाही. रोजच्या घरात हा बहुधा त्रासाचाच प्रश्न असतो. पण ट्रॅपमधले पाणी ही शोभेची गोष्ट नाही, एवढे यातून कळावे.

मग पाणी जाते कुठे?

ट्रॅप कोरडा पडण्याची दोन मुख्य कारणे आहेत. एक, वापर नसल्याने पाणी वाळून जाणे. दोन, पाणी ओढले जाणे. मुंब्र्याच्या भगिनींच्या घरी दुसरे घडते आहे.

ड्रममधून पेट्रोल काढताना नळी तोंडाने ओढून खाली सोडतात, हे आपण पाहिले आहे. एकदा धार लागली की ड्रम रिकामा होईपर्यंत ती थांबत नाही. भरलेले सिंक एकदम सोडले की पाइपही तसाच पूर्ण भरून वाहतो. पुढे गेलेले पाणी आपल्या मागे हवेची पोकळी ठेवते, आणि ती पोकळी ट्रॅपमधले पाणीही ओढून नेते. शेवटी जी गुळगुळ ऐकू येते ती पाण्याच्या मागोमाग हवा ट्रॅपमधून घुसल्याची खूण. त्यानंतर ट्रॅपमध्ये पाणी अर्धे उरते किंवा अजिबात उरत नाही.

हे टाळायचे तर ट्रॅपच्या पुढे पाइपाला कुठून तरी हवा मिळाली पाहिजे. हवा आली की ओढ तुटते आणि ट्रॅपमधले पाणी जागेवर राहते. इमारतीचा उभा पाइप गच्चीवर उघडा ठेवतात तो याचसाठी. सिंक त्या उभ्या पाइपाजवळ असेल तर तीच हवा पुरते. सिंक लांब गेले की पुरत नाही.

किती लांब चालते? अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लागू असलेल्या नियमावलीत दीड इंची पाइपासाठी ट्रॅपपासून हवेच्या तोंडापर्यंत जास्तीत जास्त 6 फूट अंतर धरले आहे. इंग्लंडच्या नियमांत 75 मिलिमीटर खोल सील असलेल्या सिंकच्या 40 मिलिमीटर पाइपाला वेगळी हवा न देता 3 मीटरपर्यंत नेता येते. आकडे वेगळे आहेत, पण अमेरिकेच्या आकड्यामागचा हिशेब समजण्याजोगा आहे. पाइपाला दर मीटरला साधारण दोन सेंटिमीटर उतार देतात. तीन मीटरला सहा सेंटिमीटर उतार झाला. पाइप आहे चार सेंटिमीटरचा. म्हणजे पाइपाचे पुढचे टोक ट्रॅपच्या तोंडापेक्षा पूर्ण खाली गेले आणि नळीने पेट्रोल ओढावे तशी रचना तयार झाली. त्यात दोन-तीन एल्बो आले किंवा उतार जास्त दिला की ओढ आणखी वाढते. या घरात नेमके हेच झालेले दिसते.

व्हॉल्व्ह करतो काय?

दुसऱ्या प्लंबरने ज्याचे नाव काढले तो एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह. 1970 च्या दशकात तो स्वीडनमध्ये तयार झाला. दिसायला प्लास्टिकच्या टोपीसारखा, आत रबराची एक चकती. पाइपात ओढ निर्माण झाली की चकती उचलली जाते आणि स्वयंपाकघरातली हवा पाइपात शिरते. ओढ थांबली की चकती आपल्या वजनाने खाली बसते आणि तोंड बंद होते. हवा आत जाते, वास बाहेर येत नाही. वीज नको, स्प्रिंगचा ताणही बहुतेकांत नसतो. बाजारात घेताना खोक्यावर युरोपचे मानक एन 12380 किंवा अमेरिकेचे मानक एएसएसई 1051 यांपैकी एखादे छापले आहे का ते पाहावे. नुसती जाळीची टोपी हवेचा व्हॉल्व्ह म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नये. तिच्यातून हवा जशी आत जाते तसा वास बाहेरही येतो.

जागा कोणती?

आता मुख्य गोष्ट. चांगला व्हॉल्व्ह चुकीच्या जागी लावला तर तो नसल्यासारखाच. जागा ठरवताना या सहा गोष्टी पाहाव्यात.

1. व्हॉल्व्ह ट्रॅपच्या पुढे हवा. क्रम असा: सिंक, वेस्ट कपलिंग, बॉटल ट्रॅप, आडवा पाइप, त्यात टी, टीच्या वरच्या तोंडात उभा तुकडा आणि त्यावर व्हॉल्व्ह. सिंक आणि ट्रॅप यांच्यामध्ये व्हॉल्व्ह लावला तर ट्रॅपच्या पुढची ओढ तशीच राहते. प्लंबर काम करून गेला की स्वतः वाकून हा क्रम बोटाने मोजून पाहा.

2. ट्रॅपपासून फार लांब नको, अगदी चिकटूनही नको. कमीत कमी पाइपाच्या जाडीच्या दुप्पट अंतर सोडावे. 40 मिलिमीटरच्या पाइपाला ते 8 सेंटिमीटर होते. त्याहून जवळ असेल तर ट्रॅपमधून उसळणारा फेस आणि खरकटे उभ्या तुकड्यात जाऊन बसते. कपाटाच्या आतच, ट्रॅपपासून फूटभराच्या आत टी बसली तर उत्तम.

3. आडव्या पाइपापासून व्हॉल्व्ह निदान 10 सेंटिमीटर, म्हणजे चार इंच वर हवा. ही किमान उंची झाली, जागा असेल तितके वर न्यावे. आपल्याकडे ओटा साधारण 80 ते 85 सेंटिमीटर उंच आणि सिंकचे भांडे 20 सेंटिमीटर खोल असते. भांड्याच्या खाली जागा कमी वाटली तर टी भांड्याच्या कडेच्या पलीकडे घ्यावी आणि उभा तुकडा भांड्याच्या बाजूने ग्रॅनाइटच्या जवळपर्यंत न्यावा. उंचीचा फायदा पाइप तुंबल्यावर कळतो. पाणी चढू लागले की सिंकमध्ये आणि या उभ्या तुकड्यात दोन्हीकडे चढते. व्हॉल्व्ह जितका उंच, तितकी त्याची रबराची चकती चिकट पाण्यापासून लांब राहते.

4. व्हॉल्व्ह सरळ उभा हवा. आडवा किंवा उलटा कधीच नको. चकती आपल्या वजनाने बंद होते, म्हणून थोडा कललेला चालतो, पण 15 अंशांपेक्षा जास्त नाही.

5. त्याला हवा मिळाली पाहिजे. आत येणाऱ्या हवेच्या फटी बहुधा टोपीच्या कडेखाली असतात. वर आणि बाजूला दोन बोटे जागा मोकळी ठेवावी. कपाटाची दारे रोज उघडतात, त्यामुळे हवा मिळते. पण कपाट पूर्ण बंद असेल तर दाराला किंवा मागच्या फळीला जाळी ठेवावी. व्हॉल्व्हवर पोछा वाळत घालणे, प्लास्टिकच्या पिशव्या कोंबणे, फिनाइलची बाटली टेकवून ठेवणे या सवयी सोडाव्यात.

6. हात पोहोचला पाहिजे. हा हलणारा भाग आहे, तो कधीतरी बदलावा लागतोच. म्हणून तो भिंतीत गाडू नये आणि सोल्युशनने कायमचा चिकटवू नये. आटे असलेला सॉकेट चिकटवावा आणि व्हॉल्व्ह त्यात टेफ्लॉन टेप गुंडाळून हाताने आवळावा. पाइपाची पाणी भरून तपासणी करायची असेल तर ती व्हॉल्व्ह बसवण्याआधी करावी.

आता अलीकडच्या स्वयंपाकघरांत आणखी एक घोळ दिसतो. पाणी शुद्ध करण्याच्या आरओ यंत्राची वाया जाणाऱ्या पाण्याची बारीक नळी आणि भांडी धुण्याच्या यंत्राचा पाइप कुठेही भोक पाडून ट्रॅपच्या पुढे घुसवलेला असतो. मग ट्रॅप आणि व्हॉल्व्ह दोन्ही ठीक असूनही वास येत राहतो, कारण त्या नळीच्या कडेने गटाराची हवा सरळ वर येते. या दोन्ही जोडण्या ट्रॅपच्या आधी, सिंकच्या बाजूला हव्यात.

कधी याचा उपयोग नाही?

व्हॉल्व्ह हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. ही त्याची मर्यादा ध्यानात ठेवावी. तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांना कधी उलटा त्रास होतो. वरच्या मजल्यावर कोणी बादलीभर पाणी सोडले की आपल्या सिंकमध्ये किंवा नहाणीत खालून बुडबुडे येतात, कपडे धुण्याच्या वेळेला साबणाचा फेसही वर येतो. इथे पाइपात ओढ नसून दाब आहे. व्हॉल्व्ह अशा वेळी बंदच राहणार. त्यावर इलाज सोसायटीने करायचा असतो. खालचे चेंबर साफ करणे आणि तळमजल्याचे सांडपाणी वेगळ्या पाइपाने चेंबरला नेणे.

गच्चीवरचे तोंडही पाहावे. शेड घालताना, टाकी बसवताना किंवा पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून कोणीतरी उभ्या पाइपाचे तोंड विटेने किंवा सिमेंटने बंद केलेले अनेक इमारतींत दिसते. मग सगळ्या मजल्यांवर गुळगुळ सुरू होते आणि जो तो आपापला प्लंबर बोलावत बसतो. प्रत्येक घरात व्हॉल्व्ह बसला तरी इमारतीच्या पाइपाचे तोंड आकाशाकडे उघडे असलेच पाहिजे. त्यावर जाळीची टोपी पुरते.

आणि काही घरांत व्हॉल्व्हची गरजच नाही. कोकणातल्या किंवा गावाकडच्या घरांत सिंकचा पाइप भिंतीबाहेर येऊन उघड्या गल्ली ट्रॅपवर किंवा मोरीवर सुटतो. पाइप आखूड असेल तर त्याला बाहेरून हवा मिळतेच. अशा घरात वास येत असेल तर सिंकखाली ट्रॅप आहे का तेच आधी पाहा. बहुतेक वेळा वेणीसारखा लवचीक प्लास्टिकचा पाइप सिंकपासून थेट जमिनीतल्या भोकात घातलेला असतो. ट्रॅपही नाही आणि भोकाभोवतीची फटही उघडी. एक बॉटल ट्रॅप आणि फटीसाठी रबराची चकती एवढ्याने काम होते.

घरीच तपासा

प्लंबर येण्याआधी दहा मिनिटांत निदान करता येते. सिंकचे तोंड बंद करून ते काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. पाणी झपाट्याने गेले आणि शेवटी मोठी गुळगुळ आली तर हवेची कमतरता आहे. पाणीच हळू जात असेल तर पाइपात चोंदा आहे. त्यावर व्हॉल्व्ह लावून फरक पडणार नाही, आधी पाइप साफ करा. मग खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपचा खालचा वाटीसारखा भाग फिरवून काढा. त्यात पुरेसे पाणी निघाले तर ओढ नाही, वास दुसरीकडून येतो. वाटी जवळपास रिकामी निघाली तर ट्रॅप ओढला जातो आहे, हे नक्की.

व्हॉल्व्ह बसवल्यावर हीच परीक्षा पुन्हा करावी. पाणी सोडल्यावर व्हॉल्व्हमधून हलका सूं आवाज आला आणि ट्रॅपमध्ये पाणी टिकले की काम चोख झाले. काही वर्षांनी व्हॉल्व्हपाशीच वास येऊ लागला तर चकतीला कचरा चिकटला आहे किंवा रबर कडक झाले आहे असे समजून तो बदलावा. पाइप तुंबून रबरी पंप मारायची वेळ आली तर आधी व्हॉल्व्ह काढून तिथे आट्याची टोपी लावावी, नाहीतर चोंद्यातली घाण त्याच्यात जाते.

बकरी ईद आणि बंद घर

आपल्या घरांसाठी दोन गोष्टी खास सांगाव्याशा वाटतात. पहिली चरबीची. बकरी ईदला किंवा दावतीच्या दिवशी देगची धुताना गरम पाण्याबरोबर चरबी सिंकमध्ये जाते. सिंकमध्ये ती पातळ असते, पाइपात थंड झाली की मेणासारखी भिंतींना बसते. पाइप अरुंद झाला की थोडे पाणीही तो पूर्ण भरून वाहते, ओढ वाढते आणि गुळगुळ सुरू होते. शेवटी ही चरबी चेंबरमध्ये साचते आणि एखाद्या सफाई कामगाराला ती हाताने उपसावी लागते. भांडी धुण्याआधी देगचीतली चरबी जुन्या कागदाने पुसून सुक्या कचऱ्यात न टाकता ओल्या कचऱ्यात टाकावी. तळणीचे तेल सिंकमध्ये कधीच ओतू नये.

दुसरी गोष्ट बंद घराची. रत्नागिरी, रायगडकडची कितीतरी घरे माणसे आखातात असल्याने महिनोन्महिने बंद असतात. ट्रॅपमधले पाणी काही आठवड्यांत वाळते आणि सुट्टीला आलेल्या कुटुंबाला दार उघडताच दुर्गंध भेटतो. निघताना प्रत्येक सिंक, बेसिन आणि नहाणीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाण्याचे तेल ओतावे. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही. किल्ली ज्यांच्याकडे ठेवता त्या शेजाऱ्यांना महिन्यातून एकदा पाणी ओतायला सांगितले तर आणखी बरे.

तर मुंब्र्याच्या भगिनींनी काय करावे? आधी वरची परीक्षा. ट्रॅप रिकामा निघाला, पाणी उतरण्याचा वेग चांगला असला आणि गच्चीवरचे तोंड उघडे असले, तर भिंत फोडायची गरज नाही. 75 मिलिमीटर सीलचा ट्रॅप घ्यावा आणि त्याच्या पुढे वर सांगितलेल्या जागी व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. पहिल्या प्लंबरचे म्हणणेही खोटे नाही. गच्चीपर्यंत नेलेल्या उघड्या पाइपाला हलणारा भाग नसतो, तो कधी बिघडत नाही. घर बांधतानाच सोय होत असेल तर तोच मार्ग चांगला. पण नव्या टाइल्सच्या घरात आज व्हॉल्व्ह पुरेसा आहे.

प्लंबरला काम सांगताना एवढेच सांगा: ट्रॅपच्या पुढे, चार इंच वर, सरळ उभा, आट्यांवर, हाताला लागेल असा. हे ऐकून जो कारागीर कारण समजावून सांगतो त्याच्याकडून काम करून घ्या, आणि अर्ध्या तासाचे काम आहे म्हणून त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. आपण पैसे देतो ते त्याच्या जाणतेपणाचे.